फोस्कोने बांधलेलं इंजिन

"फोस्कोच्या हातात मी आता साधा स्क्रूसुद्धा देणार नाही," लोरिआना म्हणाली आणि तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर पसरली. चादरीवर नवऱ्याच्या, नेदोच्या, स्कूटरचं इंजिन आणि पाने-पकडी ठेवल्या.

नणंद ओर्नेल्ला कॉफीचा कप धरून बघत राहिली. सत्तरीच्या बाईने असले उद्योग करू नयेत, दुसऱ्या गावच्या मेकॅनिकला द्यावं, असं तिचं म्हणणं होतं. लोरिआनाने तरुणपणी कारखान्यात वीस वर्षं हीच इंजिनं जोडली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी टोमणा मारलाच. "म्हणजे आजपासून आम्हाला जेवायला पाने वाढणार तू."

इंजिन वर्षभर तळघरात पडून होतं. ईस्टरआधी पाद्री घराला आशीर्वाद द्यायला येतात, म्हणून लोरिआना दरवर्षी तळघरापर्यंत सगळं घासून काढते. नेदोच्या पेट्रोलच्या डब्यांवरच्या, कुठल्यात काय हे सांगणाऱ्या खडूच्या खुणासुद्धा तिच्या फडक्यातून सुटत नसत, आणि त्यावरून नवरा-बायकोचं हमखास वाजे. यंदा वाजायला कोणी नव्हतं.

गेल्या ईस्टरला नेदोने इंजिन गावातल्या मेकॅनिककडून, फोस्कोकडून, नव्याने बांधून घेतलं होतं. दोघे बालमित्र. सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव डोंगरावर जेवायला जातं, तसा नेदोही स्कूटरवर निघाला. मागून ओर्नेल्लाच्या मोटारीत लोरिआना लझानियाचं भांडं मांडीवर घेऊन बसली होती. उतारावर इंजिन आतल्या आत जखडलं, मागचं चाक थांबलं, आणि नेदो दगडी कठड्यावर आदळला. तिने ते समोर पाहिलं.

फोस्कोने पिस्टन फार घट्ट बसवला, हे तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं आणि गावभर सांगितलं. फोस्कोने कधी नाही म्हटलं नाही. त्याचं गिऱ्हाईक तुटलं. तरी तो तीनदा दारात आला. इंजिन मला दे, फुकट बांधून देतो, तू उघडू नकोस, एवढंच सांगायला. पुरावा लपवायचाय मेल्याला, असं लोरिआना म्हणायची. आता तिला ती चूक स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती आणि त्याच्या तोंडून वदवून घ्यायची होती. त्याशिवाय तिला नेदोच्या थडग्यासमोर उभं राहवत नव्हतं.

पिस्टन निघेना. लाकडी ठोकळा ठेवून ठोकावा लागला. सगळ्या बाजूंनी खरवडला गेला होता. जिथे चरे नव्हते तिथे तिने पिस्टन आणि सिलिंडरमधली फट मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. फट अगदी बरोबर होती. कारखान्यात असताना तिनेही याहून चांगली राखली नसती.

मग तिने आतलं बेअरिंग काढलं. ते तापून निळं पडलं होतं आणि कोरडं ठणठणीत होतं. या जुन्या स्कूटरला पेट्रोलमध्येच तेल मिसळून द्यावं लागतं. तेच आत फिरतं, दुसरं तेल नसतं. लोरिआनाला रागाने आणि समाधानाने एकदमच भरून आलं. सापडला होता तो.

तेवढ्यात फोस्को चौथ्यांदा दारात आला. टेबलावरचे सुटे भाग बघून त्याने टोपी काढली.

"तेलाचा थेंब नाही आत," ती म्हणाली. "पेट्रोलमध्ये तेल घालायला विसरलास तू."

"हो," तो लगेच म्हणाला. "विसरलो. माझ्याच हातून झालं, लोरिआना. आता ते झाकून ठेव."

वर्षभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते असे सहज मिळाले. ती खुर्चीवर बसली. फोस्को घाईघाईने चादरीची टोकं गोळा करू लागला, तसं तिने त्याचं मनगट धरलं.

"फोस्को," ती म्हणाली, "त्या दिवशी सकाळी टाकी मी भरली होती, तळघरातल्या डब्यातून."