देव ऐकतो का?

इस्लामपूरच्या चर्चमधली गायनमंडळी सोडून सुवार्ता एकटीनं भक्तिगीतं गाऊ लागली, त्याला सहा वर्षं झाली होती. नवरा गेल्यापासून मात्र तिला प्रार्थना जमत नव्हती. गाणं तेवढं जमत होतं.

कोरेगावच्या कार्यक्रमानंतर बनुबाई नावाच्या म्हातारीनं तिचा हात धरला. "फौजेतला ल्योक गेला, तवा जीव द्यायला हिरीवर गेलते. शेजारच्या वस्तीवर तुमचं गाणं लागलं, म्हणून माघारी फिरले. ताई, तुमचा देव खरंच ऐकतो व्हय?"

सुवार्ता गोंधळली. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर ही पुन्हा विहिरीवर जाईल.

"आजी, मलाही ठाऊक नाही," ती शेवटी पुटपुटली.

बनुबाईनं मोठा सुस्कारा सोडला. "बरं झालं बाई. मला वाटलं, मलाच तेवढं कळंना झालंय."