शंभर फुटांवर

"इथे कोणी राहत नाही ना?" फौजदारांनी विचारलं.

"नाही साहेब. रिकामी खोली आहे," बाळा म्हणाला. जत्रा मंडळाचा सेक्रेटरी तो. खोटं बोलतानाही त्याने छातीवरचा बिल्ला सरळ केला.

खोलीच्या दारातच रत्नप्रभा उभी होती, हातात केरसुणी घेऊन.

"मग मी कोण रे मेल्या? भूत?"

फौजदारांनी कागदावरून मान वर केली. मागे टेम्पो उभा होता. त्यात गावदेवीच्या जत्रेत उडवायच्या दारूकामाच्या नऊ पेट्या. मुलुंडच्या त्या वस्तीत घराला घर चिकटलेलं, घराघरात स्टो पेटलेला. मैदानापलीकडे बंद पडलेल्या खाणीची ही एकच दगडी खोली सुटी उभी होती. जत्रेपर्यंत पेट्या ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

"काकी, दुपारी देवळात जाऊन बस म्हणून सांगितलं होतं ना," बाळा दातांतल्या दातांत म्हणाला.

"बसले असते. पण लपून कशाला बसू? चोरी केलीय?" मग ती फौजदारांकडे वळली. "स्टो सकाळीच बाहेर काढलाय साहेब. देवाचा दिवा विझवलाय. वाळूच्या बादल्या भरल्यात, मोजून घ्या. आमचे हे खाणीत सुरुंग लावायचे, मला दारूचं काही शिकवायला नको. आणि त्या पेट्या जमिनीला टेकवू नका. खाली फळ्या घाला."

फौजदार आत डोकावले. एक ताट, एक तांब्या. भिंतीशी गुंडाळलेली चटई. दोरीवर एक लुगडं.

"साहेब, ही तर रिकामीच म्हणायची," हवालदार हसून म्हणाला. फौजदार हसले नाहीत.

"बाई, दारू ठेवली तिथे माणूस झोपता कामा नये. शंभर फुटांच्या आत चूल नको, विडी नको, वस्ती नको. तीन रात्री तुम्हाला दुसरीकडे राहावं लागेल. कुठे राहणार ते या कागदावर लिहायचं, मग मी सही करणार. नाहीतर टेम्पो परत."

"एवढंच ना!" बाळाचा जीव भांड्यात पडला. "लिहा साहेब. काकीला काय, अख्खी वस्ती तिचीच आहे."

"वस्ती नको. घर सांगा. कोणाचं लिहू?"

टेम्पो बघायला निम्मी वस्ती जमली होती. रत्नप्रभाने केरसुणी भिंतीला टेकवली, पदर सारखा केला. आता कोणीतरी म्हणेल, काकी, आमच्याकडे चल. तिने मनात ठरवूनही टाकलं. दोनदा नको म्हणायचं. तिसऱ्यांदा जायचं.

"मी नेली असती हो," नलिनी म्हणाली, "पण गावाहून दीर-जाऊ आलीत. उंबऱ्यापर्यंत अंथरुणं."

"आमच्या ह्यांची रात्रपाळी," कुंदा म्हणाली. "दिवसा झोपतात ना ते. आणि काकींचा आवाज म्हणजे..."

माणसं हसली. रत्नप्रभाही हसली थोडी.

"सकाळी रॉकेलचा डबा तेवढा ठेवून घेतलास गं माझा," ती म्हणाली. "तो बोलत नाही म्हणून?"

कुंदा नलिनीच्या मागे सरकली.

"सेक्रेटरी, तुमचं घर?" फौजदारांनी विचारलं.

बाळाने घोळक्यात बायकोला शोधलं. ती तेवढ्यात पाठ फिरवून मैदानातून घराकडे चालू लागली होती.

"विचारतो साहेब घरी," बाळा म्हणाला आणि बिल्ला चाचपत राहिला.

वस्तीला तोंडं दीडशे. नळावर सगळी एका वेळी उघडतात. आता एक उघडेना. टेम्पोवाल्याने घड्याळ बघितलं, मग फौजदारांनीही बघितलं.

"तीन रात्रींचा तर प्रश्न," कोणीतरी मागून म्हणालं. कोण ते दिसलं नाही.

रत्नप्रभा आत गेली. चटई काखेत मारली, तांब्या उचलला आणि बाहेर आली.

"हवालदार, मोजायची फीत आहे ना? केवढी?"

"शंभर फुटी."

"मग धरा इथे, उंबऱ्याला. घट्ट धरा."

फितीचं दुसरं टोक घेऊन ती निघाली. घोळका दुभंगला. मैदानात ऊन होतं. ती सरळ चालत गेली, मागे वळून न बघता, आणि फीत तिच्यामागून उलगडत गेली. फीत ताणली तशी ती थांबली. वस्तीची पहिली ओळ तिथून चार पावलांवर होती. समोर बाळाचं दार, बंद.

तिने तांब्या खाली ठेवला. एका हाताने चटई झटकली, तिथेच उघड्यावर पसरली आणि बसली.

"लिहा साहेब," ती तिथून ओरडली. तिचा आवाज मैदान ओलांडून स्पष्ट आला. "रत्नप्रभा सहदेव खोत. राहणार, शंभर फुटांवर. एक इंच कमी नाही."

कोणी हसलं नाही. फौजदारांनी तसंच लिहिलं आणि खाली सही केली. बाळाने हात केला. पोरं पेट्या उतरवू लागली. पहिली पेटी आत गेली, ती फळीवर ठेवली की जमिनीवर, हे एवढ्या लांबून तिला दिसेना.

हवालदार उंबऱ्याशी बसून फीत गुंडाळायला लागला. फीत येईना. त्याने झटका दिला, तरी येईना.

"बाई, टोक सोडा," त्याने हाक मारली. "बाई! झालं आता. सोडा टोक."