ताटाएवढी गांध

लस घेतली त्याच संध्याकाळपासून माझ्या अंगावर पित्ताच्या गांधी उठायला लागल्या. उठायच्या, आग आग करायच्या आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मागमूस न ठेवता पसार व्हायच्या. दुसरा डोस उद्यावर आलेला. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर शेरा मारला, तरच तो टळणार होता.

"आजोबा, हात तर साफ आहेत तुमचे."

"आत्ता जिन्यात होत्या हो!"

"गेल्या महिन्यात तुमची नाडीसुद्धा तीन दिवस बंद होती ना?"

समोरच्या बाकावरचे पेशंट फिसकन हसले. ती थाप माझीच. शेवटी बायको पुढे झाली. "मी पाहिल्यात, डॉक्टर." ती उभ्या जन्मात कधी खोटं बोललेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक. बाईंनी पेन उघडलं.

"केवढ्या होत्या?"

होत्या नाण्याएवढ्या. नाण्याएवढ्याच म्हणणार होतो, शपथ! पण अख्खा बाक कान टवकारून बसलेला, आणि माझी जीभ मेली कधी माझं ऐकते?

"ताटाएवढ्या!"

पेनाला टोपण बसलं.

जिना उतरताना पाठ पेटली. बायकोनं सदरा वर केला आणि मटकन पायरीवरच बसली. "अगं बाई! ही तर खरंच ताटाएवढी आहे हो!"

होतो तसे धापा टाकत वर आलो. तेवढ्यात पाठ पुन्हा कोरी.

"डॉक्टर, मी पाहिली," बायको म्हणाली. "ताटाएवढी होती."

बाक पुन्हा हसला. या वेळी तिला.