तोंडावरचा पत्रा

भिमाचं जुनं मळणी मशीन पालीचा हॉटेलवाला अंगणात शोभेला ठेवणार होता. पंचक्रोशीतलं पहिलं मशीन म्हणून भिमा त्याचा इतिहास रंगवून सांगत होता. हॉटेलवाल्यानं मशीनच्या उघड्या तोंडाकडं बोट केलं. “काका, हात आत जाऊ नये म्हणून इथं पत्रा असतो ना?” “पयल्यापासनं न्हाई,” भिमा चटकन म्हणाला. मग ओसरीवरच्या बायकोकडं बघत बोलला, “हिचा हात गेला तो हिच्याच वेंधळेपणानं. पदर खोचला न्हवता.” बावीस वर्षं तो हेच सांगत आला, ती मुकाट ऐकत आली. आज ती उठली, आतून तोच पत्रा काखेत मारून आली. तेल लावून जपलेल्या पत्र्यावर गंजाचा ठिपका नव्हता. “भात बिगीबिगी उरकावं म्हनून ह्यांनीच काढला,” ती म्हणाली. दातांनी पदराची गाठ सोडून तिनं पत्र्याचे चारी बोल्ट भिमाच्या हातावर ठेवले.