आंबेमोहोराचा वास

टॅक्सी बोलवायची तेवढी राहिली होती. कमलिनीबाई ठेवणीतली साडी नेसून चेन्नईत, वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. उन्मेष सकाळपासून आईशी नको इतक्या हळू आवाजात बोलत होता. डॉक्टरपेक्षा कमलिनीबाईंना त्या आवाजाचीच भीती वाटत होती.

झालं होतं एवढंच, की भोरहून मुलाकडे राहायला आल्यावर काही महिन्यांनी, संध्याकाळ झाली की त्यांना आंबेमोहोर शिजल्याचा वास येऊ लागला. घरात तर आंबेमोहोराचा दाणा नव्हता; इथे रोजचा भात पोन्नीचा. शेजारी कोणी शिजवत असेल म्हणून त्या जिन्यात जाऊन उभ्या राहून आल्या. वास घरातलाच होता. उन्मेष आणि सून जननी ऑफिसातून येईपर्यंत सांबाराची फोडणी पडलेली असायची, त्यामुळे त्यांना काही जाणवत नसे. उन्मेषने मोबाइलवर काहीबाही वाचलं आणि मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. आता कमलिनीबाईंनाही वाटू लागलं होतं, आपलंच काहीतरी बिघडलं असणार. वास येतो म्हणून सांगायचंही त्यांनी सोडून दिलं होतं.

दवाखान्यात एसी असणार, तेव्हा शाल हवी. शाल सुटकेसमध्ये आणि सुटकेस स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. जननी स्टुलावर चढली, माळ्याचं दार ओढलं आणि तशीच थबकली.

"आई," ती खाली न बघताच म्हणाली, "वास खरा अहे."

जननी तंजावरकडची. तिच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या बोललं जाणारं ते जुन्या वळणाचं मराठी ऐकून उन्मेष एरवी तिची चेष्टा करायचा. आज तो स्टूल धरायला पुढे झाला. जननीने मोबाइलचा उजेड आत टाकला आणि कुजबुजली, "मरनाय!"

"कोण मरत नाही?" कमलिनीबाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

मरनाय म्हणजे तमिळमध्ये उदमांजर, हे त्यांना समजावून सांगेपर्यंत उन्मेषही ओट्यावर चढला होता. सुटकेसवर कमलिनीबाईंनी हाताने शिवलेली गोधडी घडी करून ठेवली होती. तिच्यावर करड्या रंगाचं, लांब शेपटीचं एक जनावर तीन पिल्लांना पोटाशी घेऊन पडलं होतं. मागच्या झरोक्याची जाळी फाटली होती आणि फटीला आंब्याची फांदी येऊन टेकली होती. जनावराने दात दाखवले तसा उन्मेष घाईने मागे सरला. पण वास त्याच्याही नाकात शिरला होता. गरम, मऊ, नुकतं झाकण काढलेल्या भातासारखा.

कमलिनीबाईंना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच होतं. दोघांनी दोन्हीकडून धरून त्यांना स्टुलावर चढवलं. खाली उतरल्या त्या खुर्चीत बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, पदराने पुसलं तरी थांबेना.

"डॉक्टरांना फोन कर," त्या उन्मेषला म्हणाल्या. "सांग, आईचा आजार माळ्यावर सापडला. शेपटी आहे त्याला."

उन्मेषने डॉक्टरांना नुसतं येत नाही म्हणून कळवलं. मग झाडू आणि खोका घेऊन तो निघाला, तेव्हा जननीने त्याला अडवून वनखात्याला फोन लावला. तिकडून सांगण्यात आलं की उदमांजराच्या अंगालाच असा भातासारखा वास असतो, पण हात लावू नका. आत दिवा लावा, रेडिओ लावा, जागा गैरसोयीची वाटली की आई पिल्लांना आपणहून दुसरीकडे नेईल. ती गेली की झरोका बंद करा.

जननीने तमिळ गाण्यांचं स्टेशन लावून रेडिओ माळ्यावर सरकवला. कमलिनीबाईंना त्यात राम दिसेना. "मला इतके महिने त्यातलं अक्षर कळत नाहीये, मी कुठे हलले?" त्या म्हणाल्या. जननी खळखळून हसली आणि तिने आवाज आणखी वाढवला.

दिवेलागणीला तिघंही अंधार करून मागच्या गॅलरीत बसली. बऱ्याच वेळाने झरोक्यातून आधी एक तोंड बाहेर आलं, त्यात मानेला धरलेलं पिल्लू. फांदीवरून, कंपाउंडच्या भिंतीवरून ते पलीकडच्या बंद बंगल्याच्या आवारात दिसेनासं झालं. मग आई परत आली, दुसरं नेलं. तिसऱ्याच्या वेळी ते फांदीवरून निसटता निसटता राहिलं, आणि जननीने सासूचा दंड गच्च पकडला. ते पोहोचेपर्यंत तिने तो सोडला नाही.

उन्मेष नवी जाळी आणि हातोडी घेऊन उठला. सगळी गेली, आता ठोकून टाकतो म्हणाला.

"थांब जरा," कमलिनीबाई म्हणाल्या. "ती अजून एकदा येईल."

"कशाला? आत काहीच उरलं नाहीये, आई."

"ते तुला माहीत. तिने कुठे पाहिलंय?"

उन्मेष पुन्हा खाली बसला. रस्त्यावरून एक फुलवाली ओरडत गेली. मग फांदी हलली. उदमांजर आलं, झरोक्यातून आत शिरलं, रिकाम्या गोधडीचा कोपरा न्‌ कोपरा हुंगत असावं इतका वेळ आत राहिलं. मग बाहेर येऊन फांदीवर क्षणभर थांबलं आणि काही न घेता, अगदी सावकाश निघून गेलं.

कमलिनीबाईंनी मान हलवली, तेव्हा कुठे उन्मेषने हातोडी उचलली.