सर्वात वर

दादासाहेबांचा चाकणला स्कूटरचे ब्रेक शू बनवायचा कारखाना आहे, आणि गाड्यांचे पार्ट विकणारी एक वेबसाइटही त्यांचीच. तिथे सर्च केल्यावर कुठला माल आधी दिसावा, हे ठरवणं माझं काम.

"ब्रेक शू टाकलं की आपलाच सर्वात वर आला पाहिजे," त्यांनी बजावलं.

"सर, आपल्या मालाच्या तक्रारी थांबत नाहीत. तळेगाव रस्त्यावर ट्रकच्या मागे ब्रेक लागला नाही तर माणूस जाईल."

"वर्षाली, गिऱ्हाईक वर दिसेल ते घेतं. खाली कोण बघत बसतंय? जमत नसेल तर सांग, दुसरं कुणी बघतो."

जमवलं. पण माझ्या पद्धतीने. ज्याने जो पार्ट घेतला आणि परत पाठवला नाही, तोच त्याला पुढच्या वेळी सर्वात वर दिसेल, असं करून ठेवलं.

डीलरांच्या मीटिंगला हॉल गच्च भरला होता. दादासाहेब माइकवर म्हणाले, "दाखव यांना, पहिला कुणाचा माल येतो ते."

"तुमच्याच लॉगिनने दाखवते, सर," म्हणत मी मोठ्या पडद्यावर 'ब्रेक शू' टाइप केलं.



सर्वात वर दुसऱ्याच कंपनीचा ब्रेक शू आला, आणि त्याच्याखाली लिहिलेलं होतं : 'हा तुम्ही यापूर्वी घेतला आहे. गाडी : मुलीची स्कूटर.'