शाळेची मागची भिंत

"चर्चशेजारची जुनी शाळा पाडा, नाहीतर कुणाच्या तरी डोक्यावर कोसळेल," चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी म्हणून मी सभेत तावातावाने सांगितलं.

शाळा चांगली ठणठणीत होती. भीती वेगळीच होती. चौथीत असताना तिच्या मागच्या भिंतीवर मी खिळ्याने कोरलं होतं, 'अमोलिक मास्तर गाढव आहे.' अक्षर फारच सुरेख आलं, म्हणून खाली स्वतःचं पूर्ण नावही कोरलं. खरं गाढव कोण, ते तिथेच ठरलं.

सभा संपल्यावर नव्वदीचे अमोलिक मास्तर मला हाताला धरून त्याच भिंतीपाशी घेऊन गेले. मी मान खाली घातली.

"नाताळाला चुना मारताना एवढी जागा दरवर्षी सोडायला लावतो," मास्तर म्हणाले. "तुझं अक्षर मी सुधारलं, याचा एवढाच पुरावा आहे माझ्याकडे. पाडू नकोस रे."